इष्टलिंग दिसेना

निर्णा गावच्या चंद्रम्माला क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन तिसरा महिना चालला होता. रोज सकाळी अंघोळ करून ती गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायची आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायची. एक दिवस घाबऱ्या घाबऱ्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, हात दिसायलाय, पण लिंग दिसंना."

वीरण्णाला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. बघता बघता लिंग नाहीसं होतं ते कुणाचं? शरणांचं, पोचलेल्या संतांचं! त्यानं ही गोष्ट गावभर केली. बाया चंद्रम्माच्या पाया पडायला येऊ लागल्या. ती मात्र गप्प गप्प झाली. नवऱ्याशी बोलतानाही तिची नजर त्याच्या कानाकडे असे. हिचं मन संसारातून उठलं, असं समजून वीरण्णा गोठ्यात जाऊन डोळे पुसून यायचा. बायकोचा अभिमान होता, पण बायको हातची चालली होती.

अशात विजयश्री नावाची डॉक्टरीण बिदरहून आली. क्षयाच्या औषधांनी डोळ्यांवर काय परिणाम होतो, याचा ती अभ्यास करत होती.

"अव्वा, माझ्या नाकाकडं बघा. काय दिसंना?"

"नाकच न्हाई, बाई."

विजयश्रीनं लगेच दवाखान्यात फोन लावला. मग म्हणाली, "एका गोळीनं नजरेची नस दुखावलीय. ती आजपासून बंद, बाकीच्या चालू ठेवा. उद्याच बिदरला या. बहुतेकांची नजर परत येते, पण उशीर नको."

वीरण्णा भडकला. "तिला अनुभव आलाय, अन् तुमी गोळी म्हणायलाव? देवाच्या देण्याला दवाखाना कामून?"

तेव्हा चंद्रम्माला रडू फुटलं. "अहो, मला तुमचं बी तोंड दिसंना. कानाकडं बघितलं की गालाची कड तेवढी दिसती, म्हणून तिकडं बघायले. मोठी पायरी असंल ही, पण तुमाला सोडून चढायची असंल तर मला नगं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं वीरण्णा तिला बिदरला घेऊन गेला.

पुढं कितीतरी दिवस नजर तशीच होती. पूजेच्या वेळी तो तिच्यासमोर बसून राही. दिसतंय का, हे विचारायचा धीर होत नसे.

चंद्रम्मा पूजेत कधी बोलत नसे. एका सकाळी मात्र मान वर करून बोलली.

"दाढी करा की हो! काय ध्यान दिसायलाव!"

वीरण्णा गालावरून हात फिरवत हसायला लागला, आणि हसता हसता त्याला हुंदका आला.

"कुठं कुठं वाढलीय?" तो म्हणाला. "नीट बघून सांग."