उपाशी प्रेस

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात पाळीचे सगळे कामगार पुठ्ठा कापणाऱ्या प्रेसभोवती लोटले होते. यंत्रातलं भूत शांत करायला बोलावलेल्या बाबांनी डोळे मिटून आरोळी ठोकली, "जागा हो, उपाशी जिवा!" आणि कोणी बोटही न लावता प्रेस धाडकन खाली आला. बायकांनी हात जोडले. चार महिन्यांत तीन कामगारांची बोटं या प्रेसखाली गेली होती. आज त्याची भूक भागवायची आणि लगेच नव्या मुलीला कामाला बसवायचं, असं फोरमनने ठरवलं होतं.

ती मुलगी कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सची धाकटी नणंद. नर्स गर्दीतून पुढे आली. अपघाताची वही तीच लिहायची, म्हणजे फोरमन सांगायचा आणि ती उतरवायची: 'जाळी उघडी राहिली. प्रेस खाली आला. बोट तुटले.' वाचणाऱ्याला वाटावं, तिथे माणूस नव्हताच, लोखंडच मनाला येईल तसं वागत होतं. अशी वही असल्यावर भुताला वेगळं बोलवावं लागत नाही. बाबांनी फक्त त्याची दक्षिणा घेतली.

"बस पोरी," बाबा म्हणाले, "आता तो तृप्त आहे."

"आधी तुम्ही हात घाला," नर्स म्हणाली.

"ही अश्रद्धाच बोटं खाते, सिस्टर!"

नर्सने वाकून बाबांची कफनी वर उचलली. पायाचा अंगठा प्रेसच्या पेडलवर रोवलेला! हशा पिकला. फोरमन तर सगळ्यांत मोठ्याने हसला.

"हसू नका, साहेब. हे बघा." हात आत जाऊ नये म्हणून प्रेसपुढे जाळी होती; ती उघडी असली की प्रेस चालू नये, म्हणून तिथे जाळी लावल्यावरच दाबलं जाणारं एक बटण होतं. ते तारेने दाबून बांधलेलं होतं, कारण जाळी न लावता काम झपाट्याने उरकतं. "आता पेडलला नुसता धक्का लागला तरी प्रेस खाली येतो, आत हात असला तरी. तार कोणी बांधली?"

"आधीपासूनच होती ती," फोरमन पुटपुटला.

"तुम्ही बांधलीत. माझ्यासमोर. पहिल्या अपघाताच्या आधी."

नणंद हळूच म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं, वहिनी? आज माझ्या जागी दुसरी कोणी असती, तर तोंड उघडलं असतंस?"

नर्सने मान खाली घातली.

बाबांना लोकांनी फाटकापर्यंत बडवत नेलं. ते सोपं होतं. पण यंत्राला भूक नसते, हे एकदा डोक्यात घ्या. 'बोट तुटले' असं कोणी वाचून दाखवलं, तर हात जोडू नका. कोणी तोडलं, ते विचारा. आणि कोण बघत उभं होतं, तेही विचारा.