न्हाणीच्या खिडकीतला जांभळा ग्लास

"उद्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर जयमालाचं नाव घेते की नाही, पाहाच तुम्ही! त्या जांभळ्या ग्लासाचं म्हणावं तर..."

एवढ्यात शेजारच्या शारदाबाईंच्या कुकरची शिटी झाली आणि पुढचं बोलणं वाफेत गेलं.

हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. मी म्हणजे तोच जांभळा ग्लास. मेहकरात दयारामभाऊ आणि जयमालाबाईंच्या घरी, न्हाणीच्या खिडकीत माझा मुक्काम होता. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मलाही कळतं, पण खिडकीत ठेवलेल्या वस्तूनं कान न्यावे कुठे? जयमालाबाई तोंड धुवायच्या निमित्तानं माझ्याजवळच उभ्या होत्या. त्यांचं तोंड केव्हाच धुऊन झालं होतं. स्वतःचं नाव ऐकलं आणि हातातला मग बादलीत पडला.

आता मी तिथं कसा गेलो ते सांगतो.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. आम्ही सहा भाऊ. लाल, हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी आणि मी. काठाला सोनेरी रेघ, पोटावर द्राक्षांचा घड. शारदाबाईंच्या रुखवतात आम्हाला मधोमध मांडलं होतं. शेजारी साखरेचं तुळशीवृंदावन. त्याला मुंग्या लागल्या, आम्हाला बायांच्या नजरा.

लग्नानंतर आम्ही शोकेसमध्ये राहायला गेलो. शारदाबाईंचे यजमान नीळकंठराव शाळेत मास्तर. त्यांचे साहेब घरी आले की सरबताला आम्ही निघायचो. चुलतभाऊ आले की स्टीलचे निघायचे. माणसाची किंमत त्याला कोणत्या ग्लासात पाणी मिळतं यावरून मला तेव्हाच कळू लागली.

एका उन्हाळ्यात शारदाबाईंनी माझ्यात पन्हं भरलं, वर बशी झाकली आणि भिंतीवरून मला जयमालाबाईंच्या हातात दिलं. पन्हं दोन घोटांत संपलं. पण शेजारचं भांडं रिकामं परत कसं द्यायचं? जयमालाबाईंनी माझ्यासाठी शिरा केला, तो करपला. लोणचं घातलं, त्यावर बुरशी आली. मग इतके दिवस उलटून गेले की साधं काही भरून द्यायची त्यांना लाज वाटू लागली. एवढ्या उशिरानं द्यायचं तर काहीतरी मोठंच हवं, आणि मोठं काही माझ्यात मावेना! शारदाबाईंनीही मागितलं नाही. मागायचीही लाज असते ना.

तशात दयारामभाऊंना कवळी बसली. झोपताना ती काढून ठेवायला हाताशी मीच सापडलो. कुठं पन्हं आणि कुठं कवळी! पण खोटं कशाला बोलू, त्या दातांशी माझं जमलं. दिवसभर भाऊंचं बोलून ते इतके दमलेले असत की माझ्यात गपगार पडून राहत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मंगल कार्यालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. त्यात अट होती, सेट असेल तर पूर्ण हवा. म्हणून त्या दिवशी नीळकंठरावांपुढे शारदाबाईंचा आवाज चढला होता.

"मले चोरटी म्हनीन ते सगळ्यायसमोर," जयमालाबाई माझ्याशीच बोलल्या. "मंग या गल्लीत तोंड कसं दाखवू मी?"

सकाळी त्यांनी भाऊंचे दात स्टीलच्या वाटीत काढून ठेवले, मला चिंच लावून घासलं, काठोकाठ साखर भरली आणि पदराखाली धरलं. गर्दीत कुणाचं लक्ष नसताना मला टेबलावर ठेवून सटकायचं, असा बेत होता.

पण कार्यालयात गेलो आणि पदराच्या फटीतून पाहताना मी काळजीच विसरलो. काय काय काच जमली होती! साखरखेर्ड्याहून आलेलं गुलाबी फळांचं भांडं, निळी अत्तरदाणी, मधासारख्या रंगाच्या बरण्या. खिडकीतून ऊन आलं की भिंतीवर सगळे रंग सांडायचे. एका बाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर तर अख्खं हिरवं झुंबर उतरलं होतं. "हात नका लावू हो!" असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगायचा आणि स्वतः बोटानं टिचकी मारून पाहायचा. "आमच्या घरी असंच होतं, भंगारात देल्लं," हे वाक्य तर दर टेबलाजवळ.

शारदाबाईंच्या टेबलापाशी आलो आणि माझ्या काचेत धस्स झालं. तिथं सहा ग्लास होते. माझे पाच भाऊ आणि सहावा जांभळा!

जयमालाबाई चक्रावल्या. तेवढ्यात प्रमुख पाहुणे उत्तमराव घाम पुसत तिथं आले. पाच ग्लास रिकामे, एक भरलेला. पाहुण्याला वाटलं, आपल्यासाठीच आहे. त्यांनी तो उचलला आणि तोंडाला लावला. जसजसा घोट जाई तसतसा जांभळा रंग खाली उतरे. शेवटी हातात राहिला साधा पांढरा ग्लास.

"सरबत फस्कलास हाय," उत्तमराव म्हणाले. "पन बाई, हा गिलास रंग सोडते काय?"

"नकली सेट आनला व!" मागून कुणीतरी बोललं. शारदाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

जयमालाबाईंना तिथून निघून जाता आलं असतं. पण त्यांनी पदर बाजूला केला आणि मला टेबलावर ठेवलं.

"नकली नाही. असली हा घ्या, माह्याजवळ होता. चोरला नाही वो शारदाबाई, रिकामा द्याची लाज वाटे."

अवघडलेल्या उत्तमरावांनी माझ्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकली. नेमके तेव्हाच दयारामभाऊ बोळक्या तोंडानं दारातून ओरडले, "जयमाला! माह्या दातायचा गिलास कुठी नेला व? आँ, हा पाहा! इथीसा काऊन ठेवला?"

उत्तमरावांनी ती साखर गिळली की थुंकली, ते मी सांगणार नाही. सगळ्यात आधी शारदाबाई हसल्या. हसता हसता टेबलाला धरून खालीच बसल्या, आणि जयमालाबाई त्यांच्याजवळ.

बक्षीस पितळेच्या एका शेगडीनं नेलं. आता मी माझ्या भावांशेजारी, शारदाबाईंच्या शोकेसमध्ये आहे. दयारामभाऊंची कवळी वाटीत निजते. स्टीलमध्ये दातांना गार लागतं, अशी त्यांची तक्रार आहे.

मला आत ठेवताना जयमालाबाईंनी विचारलंच, "खरं सांगा, माहं नाव घेनारच होत्या ना?"

"घेणार होते. चोरटीच म्हणणार होते तुले," शारदाबाई म्हणाल्या. "पण सकाळी वाटलं, ग्लासापायी तुले गमावू काय? म्हणून मंग जांभळाचं सरबत केलं."

म्हणजे ऐकलेलं त्या वेळी खरंच होतं. पुढचं सकाळी बदललं.

मग शोकेसचं दार सरकलं आणि बंद झालं. इथं धूळ नाही, दात नाहीत, इज्जत भरपूर आहे. पण ऐकू काहीच येत नाही हो! तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद कपाटात असेल तर एवढं करा, दार बोटभर उघडं ठेवत जा. आत्ता समोर दोघी चहा पिताहेत, माझ्याकडे बोट दाखवून हसताहेत, आणि काय बोलताहेत ते मला कळायला काही मार्ग नाही.