चौथं पातं

मी एक जुना पंखा आहे. छताला टांगलेला नव्हे, की टेबलावर मान हलवत बसणाराही नव्हे. टप नसलेल्या, दोनच माणसांच्या, बुटक्या नि वेगवान अशा एका जुन्या गाडीत मी रेडिएटरच्या मागे राहत होतो. पोलादाची चार पाती, पिवळा रंग आणि मधोमध चार बोल्ट, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याआधी एक कबूल करून टाकतो. मी स्वभावाने मत्सरी आहे. कोणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं.

कारखान्यात माझी पाती पत्र्यातून कापली गेली, वाकवली गेली आणि रिव्हेट ठोकून मधल्या चकतीला जोडली गेली. मग एका कामगार बाईंनी मला बारीक दांडीवर बसवून फिरवून पाहिलं. एक पातं किंचित जड निघालं. त्यांनी कानस घेऊन त्याचं टोक घासलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाल्या, "आता कसा शहाण्यासारखा फिरतोस!" ही मला मिळालेली पहिली शाबासकी. दुसरी मिळायला फार वर्षं लागली.

कारण माझं काम बॉनेटखाली. इंजिन फिरलं की पट्टा फिरायचा, पट्टा फिरला की मी फिरायचो आणि रेडिएटरमधून गार हवा ओढून घ्यायचो. गाडी रस्त्यावर थांबली की माणसं भोवती जमत. "काय दिवे आहेत!" "स्टिअरिंग बघ, लाकडाचं!" मी आत धुळीत उभा राहून सगळं ऐकायचो. दिव्यांचा मला राग यायचा, स्टिअरिंगचा यायचा, आणि भोंग्याचा तर इतका यायचा, की तो वाजला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गाडीचे मालक व्हायोलिन दुरुस्त करायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. तारेवर नुसतं बोट टेकवून वाद्याचं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. एकदा त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि डोळे मिटून उभे राहिले. त्यांची लेक तेव्हा शाळेत जायची. तिला ते म्हणाले, "ऐकलंस? ही घूं घूं आहे ना, ती या पंख्याची. गाडीचा सगळा गोडवा त्यात आहे."

मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती अशी फुगली, की पुढे कित्येक वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली.

वर्षं गेली. आप्पांचे केस पिकले, लेक रुग्णालयात परिचारिका झाली आणि गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघू लागली. मधल्या काळात एका घाईच्या कारागिराने इंजिन हाताने फिरवायचं म्हणून माझं चौथं पातं धरून मला खेचलं. एकदा नाही, चार-पाचदा. पातं किंचित वाकलं. त्याने ते पक्कडीने सरळ केलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. रिव्हेटपाशी केसाएवढी भेग पडली होती. ती मला जाणवत होती. पण आपल्यात खोट आहे हे मला स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं.

मग ती दुपार आली. पुलावर काम चाललं होतं आणि गाड्यांची लांब रांग लागली होती. ऊन मी म्हणत होतं. गाडी उभी, इंजिन मंद, म्हणून मीही मंद. जेव्हा सर्वांत जास्त हवा हवी होती, नेमका तेव्हाच मी रेंगाळत होतो. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. बॉनेटमधून वाफ आली. आप्पा घाईने उतरले, माझ्यावर वाकले आणि लेक "थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलंसुद्धा.

उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर उडालं. तारा जुळवणारा हात तो.

लेकीने रस्त्यावरच बाटलीभर पाणी त्यावर ओतलं. मग म्हणाली, "आप्पा, बोटं हलवून दाखवा. एकेक करून."

दुसऱ्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये आली. ते गॅरेज एक मावशी चालवायच्या. टेप आणि खडू घेऊन त्या कामाला लागल्या.

"रेडिएटर केवढा, मागे-पुढे जागा किती आणि तुमचा डायनॅमो वीज किती देतो, एवढं कळलं की पंखा निवडता येतो," त्या म्हणाल्या. "विजेवरचा लावू. गाडी उभी असली तरी तो पूर्ण वेगात फिरेल."

"आणि हा?" आप्पांनी बँडेज बांधलेल्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"हा गरज नसतानाही फिरतो, आप्पा. थंडीतसुद्धा. इंजिनाची ताकद खातो नुसता."

खातो! इतकी वर्षं एक दिवस रजा न घेता राबलो, आणि मी खातो!

पहिला पंखा आला तो ताटाएवढा थोरला. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावू लागला. मला मनातून गुदगुल्या झाल्या. दुसरा नीट बसला. पण तो सुरू करताच दिवे मिणमिणू लागले. "डायनॅमोला झेपत नाही हा," म्हणून मावशींनी तो परत खोक्यात घातला. मी आनंदाने नाचलोच असतो, पण पट्टा काढलेला होता.

तिसरा मात्र बसला. काळा, चपटा, प्लास्टिकचा, लहानशा पात्यांचा. पाणी तापलं की आपोआप सुरू, निवलं की बंद. म्हणजे काम नसेल तेव्हा हा पठ्ठ्या झोपणार! आणि लेक त्याच्याकडे बघून म्हणाली, "किती छान आहे हो, मावशी!" मला कोणी कधी छान म्हटलं नव्हतं.

"तो पुढे लावा," आप्पा म्हणाले, "पण जुना मागे राहू दे. त्याच्या आवाजाशिवाय मला ही गाडी परकी वाटेल."

"आप्पा, हट्ट कशाला?" लेक म्हणाली.

"असू दे माझा हट्ट."

जिंकलो! काळ्याकडे बघून मी नाक मुरडलं. मला धुऊन पुसून परत बसवायचं ठरलं. आप्पांनीच मला मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने पुसू लागले. मग सवयीने, जसं ते लाकूड पारखत तसं, त्यांनी बोटाच्या पेराने एकेक पातं वाजवलं.

टण्ण. टण्ण. टण्ण.

मी मनात म्हणत होतो, पुरे आता, चौथं नको.

ठक्.

त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा ठक्. त्यांनी ते पातं उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "मावशी, जरा भिंग आणता?"

भिंगाखाली भेग लपली नाही. मावशींनी पातं नखाने चाचपलं. "हे उडालं असतं, आप्पा. चालत्या इंजिनात. रेडिएटर फाडला असता, नाहीतर बॉनेट उघडून कोणी समोर वाकलं असतं तर..."

पुलावर माझ्यावर कोण वाकलं होतं, हे मला ठाऊक होतं. तेव्हाही मी फिरतच होतो.

"मीच म्हणत होतो राहू दे," आप्पा हळूच म्हणाले. लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशींनी काळ्याला पुढून काढलं आणि त्याची पाती उलटी बसवून रेडिएटरच्या मागे, माझ्या जागी लावलं. "मागून ओढलेली हवा जास्त चांगली," म्हणाल्या. इंजिन सुरू झालं. काटा वर चढला, काळा जागा झाला, काटा उतरला, काळा झोपला. आणि मग इंजिनाचा एकट्याचा आवाज गॅरेजभर पसरला, खोल आणि मऊ. आप्पांनी डोळे मिटले.

"हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता," ते म्हणाले. "इतकी वर्षं पंख्याखाली दबला होता."

खोटं कशाला बोलू मित्रांनो, त्या क्षणी मला इंजिनाचाही मत्सर वाटला.

आता मी मावशींच्या भिंतीवर खिळ्याला असतो. जुना पंखा घेऊन कोणी आलं की त्या पान्याने माझी पाती वाजवून दाखवतात. तीन गातात, चौथं ठक् करतं. गिऱ्हाईक दचकतं आणि आपला पंखा तपासायला देतं. हे काम मी मन लावून करतो.

म्हणून सांगतो. तुमच्या घरातली जुनी यंत्रं, सायकली, शिवणयंत्रं जपा. पण जपणं म्हणजे नुसतं पुसून ठेवणं नव्हे. हवं तिथे धरून त्यांना खेचू नका, आणि अधूनमधून त्यांना वाजवून बघा, कान देऊन. आम्ही आपली खोट स्वतःहून सांगत नाही. माझ्यासारखे मत्सरी तर मुळीच नाही.

परवाच आप्पांची गाडी तेल बदलायला आली होती. त्यांच्या उजव्या हाताची पाचही बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. बॉनेट उघडलं तेव्हा मी भिंतीवरून काळ्याकडे टक लावून पाहिलं. त्याच्या एका पात्यावर धूळ बसली होती. कोणीतरी पुसावी, असं मला वाटलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं.