पितळी पट्टी

माझा धाकटा भाऊ एडविन म्हणजे मिरवायचं असेल तिथे सर्वांत पुढे आणि हात लावायचा असेल तिथे गायब. नगरला चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी झाल्यापासून तर त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत.

आमची आई मरिया माझ्याकडे पुणतांब्याला असते. जन्मभर तिने मुलींना भरतकाम शिकवलं. काचबिंदूने नजर पुरती जायच्या आत तिने एक शेवटचं कापड भरलं: कडेने द्राक्षाचा वेल, मधे बाजरीची कणसं. ते चर्चमध्ये लागावं आणि आपल्यामागे टिकावं, एवढीच तिची इच्छा. माझ्याकडून रिठ्याच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून घेऊन तिने ते एडविनच्या हाती दिलं.

"चिकटवू नको बरं," ती म्हणाली. "पुठ्ठ्यावर सुती कापड ताणायचं, त्याच्यावर हे टाके घालून बसवायचं. आन् काच टेकू द्यायची न्हाई, पावसाळ्यात डाग पडत्यात."

"आई, मला सगळं कळतं," एडविन म्हणाला, तेही मोबाईलवरून मान वर न करता. याला शर्टाचं बटण लावता येत नाही.

फ्रेम घेऊन तो उगवला तो थेट चर्चमधल्या हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी. बघूनच माझं डोकं फिरलं. कापड गोंदाने प्लायवूडला चिकटवलेलं, वेलीखाली फुगे आलेले, वरून काच दाबून बसवलेली. खाली मात्र लखलखीत पितळी पट्टी: 'ख्रिस्तवासी मरियाबाई यांच्या स्मरणार्थ. अर्पण: श्री. एडविन, सेक्रेटरी.'

"अरे, आई जिवंत आहे!" मी त्याला बाजूला ओढून म्हटलं.

"हळू बोल, ताई. पट्टी आज ना उद्या बदलावीच लागली असती. पुन्हा कोण उघडत बसणार?"

याची थोरली बहीण म्हणून मला तोंड दाखवायची लाज वाटली.

"काय लिव्हलंय रं?" आईने खाटेवरून विचारलं.

"तुझं नाव, आई," म्हणत निर्लज्जाने फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली.

आईचा हात काचेवरून फिरत पट्टीवर आला. उभा जन्म रुमालांवर नावं भरण्यात गेलेली ती बोटं. कोरलेलं एकेक अक्षर चाचपत ती आपल्या नावापर्यंत गेली आणि परत त्याच्या आधीच्या शब्दापाशी आली.

"ख्रिस्तवासी," ती म्हणाली.

एडविनचा चेहरा पडला. धावत जाऊन त्याने सुरी आणली आणि पट्टी खरवडायला लागला. "आत्ता काढतो, आई." पट्टी हलेना.

आईने माझ्याकडे तोंड वळवलं. "काच टेकलीय?"

मला खोटं बोलवेना. "टेकलीय."

"आन् कापड? चिकटवलंय?"

"हो, आई."

एडविन घाम पुसत अजून खरवडतच होता.

"ऱ्हाऊ दे, एडविन," ती म्हणाली. "तेवढी पट्टीच नीट बसवलीस."