दोन वेगांचा होइस्ट

लातूरच्या एमआयडीसीतल्या शिवकन्याच्या वर्कशॉपमध्ये तेलघाण्यांची आणि डाळमिलांची यंत्रं दुरुस्तीला येत. तिचे वडील संगप्पा, सगळ्यांचे अप्पा, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी टांगलेली हातानं ओढायची चेन कप्पी मात्र अजून गर्डरला होती. लहानपणी शाळा सुटली की शिवकन्या दप्तरासकट तिथंच येऊन बसायची. अप्पा गिअरबॉक्सखाली वाकलेले, आणि त्यांचे जुने मदतनीस शेषेरावमामा साखळी ओढताहेत. ग्रीसचा तो वास आजही तिला घरच्यासारखा वाटायचा.

शेषेरावमामा आता साठीचे झाले होते. जुन्या दुखण्यानं उजवा खांदा आता वर जाईना. म्हणून तिनं जड यंत्रं उचलायला विजेवर चालणारा होइस्ट घ्यायचं ठरवलं. लातुरात कॅटलॉग दाखवणारे पुष्कळ होते, पण तिला तो चालताना पाहायचा होता. तसा टांगलेला नांदेडच्या एका दुकानात होता. ती आणि मामा सकाळच्या एसटीनं निघाले.

दुकानदार रविकांतनं विचारलं, "सगळ्यात जड नग किती वजनाचा?"

शिवकन्या मोबाइलमध्ये शोधू लागली, तोवर मामा बोलले, "पंधराशे किलो. उदगीरच्या मिलचा गिअरबॉक्स. तीस वर्सं ओढून राहिलो, हाताला कळतंय की."

"मग दोन टनाचा घ्या. किती उंच उचलायचा? दिवसातून किती वेळा?"

"चौदा फूट. आठ-धा येळा."

रविकांतनं सगळं लिहून घेतलं, गर्डर इंजिनिअरकडून तपासून घ्या म्हणाला, आणि एका वेगाचा होइस्ट चालवून दाखवला. लोखंडी वजन सरसर वर गेलं, सरसर खाली आलं. शिवकन्याला तो पसंत पडला. मामांनी नकारार्थी मान हलवली.

"ह्यो न्हाई चालायचा, अक्का. शाफ्ट बेअरिंगात बसवताना शेवटचं बोटभर अंतर मुंगीच्या चालीनं उतरावं लागतंय. ह्यो तर आदळून राहिला."

तेव्हा रविकांतनं दोन वेगांचा दाखवला. बटण अर्धं दाबलं की वजन हळूहळू सरकायचं. मामांचा चेहरा खुलला. मग त्यांनी विचारलं, "आन् लाईट गेली तर?"

"ब्रेक आपोआप लागतो." रविकांतनं वजन अधांतरी असतानाच मेन स्विच बंद केला. वजन जिथल्या तिथं थांबलं.

मामा त्या थांबलेल्या वजनाकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "आपल्या कप्पीचा ब्रेक एकडाव सटकला होता. अप्पांचे दोन्ही हात गिअरबॉक्सखाली होते."

शिवकन्यानं चमकून पाहिलं. "कधी?"

"तू चौथीत असशील. साखळी उलटी पळाया लागली. म्या धरली, गुंडाळून घेतली अंगाला. माणसं लाकडी ठोकळे घेऊन येस्तोवर सोडली न्हाई."

"पण खांदा कुस्तीत गेला म्हणून सांगितलं होतं ना?"

"अप्पांनीच तसं सांगायला लावलं."

तिनं दोन वेगांचाच होइस्ट नक्की केला. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर सोयाबीनची रानं मागं पळत होती. तिला अप्पांचे हात आठवत होते: तिची वेणी घालणारे, नखांत काळं तेल बसलेले, दहाही बोटं शाबूत.

"मला का नाही सांगितलं, मामा?"

"अप्पा म्हणायचे, पोरीला कळलं तर ती भिईल, मग वर्कशॉपात पाऊल टाकायची न्हाई. तू आलीस की त्यांचं काम लई झकास व्हायचं बघ."

शिवकन्यानं पदर डोळ्याला लावला. मामांनी पिशवीतून शेंगा काढून तिच्या ओंजळीत घातल्या, लहानपणी घालायचे तशाच.

आठवड्यानं होइस्ट बसला. उदगीरचा तोच गिअरबॉक्स परत दुरुस्तीला आला होता. शिवकन्यानं रिमोट मामांच्या डाव्या हातात दिला.

"अक्का, पहिलं तू चालव. मालकीण हायस."

"तुम्ही उतरवा, मामा. हात मी घालते."

मामा क्षणभर घुटमळले. ती खाली वाकून शाफ्टला हात लावून बसली होती, आणि तिला जराही भीती वाटत नव्हती. मामांनी बटण अर्धं दाबलं. गिअरबॉक्स इतका सावकाश उतरला की बघणाऱ्यांचा जीव कासावीस व्हावा. शाफ्ट अलगद जागेवर बसला.

"बसला?" मामांनी विचारलं.

"बसला," ती म्हणाली, आणि नट आवळायच्या पान्ह्यासाठी हात पुढं केला.