समुद्रफूल सरकलं

नवरा गेला आणि काचेच्या टाकीतला समुद्र तिच्या गळ्यात पडला. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नियम एकच पाठ होता, तोही नवऱ्याने घोकून घेतलेला: डावीकडे समुद्रफूल, उजवीकडे प्रवाळ, मध्ये वीतभर रिकामी वाळू. फुलाच्या लांब बोटांना डंख असतो. ते शेजारी आलं की प्रवाळ जळून पांढरं पडतं. आणि ते जांभळं प्रवाळ त्याने नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं. त्याचं म्हणून जिवंत असं आता तेवढंच उरलं होतं.

तर हे समुद्रफूल उजवीकडे निघालं. वाळू ओलांडून प्रवाळाच्या पार जवळ येऊन ठेपलं.

धाकट्या नणंदेचं माशांचं दुकान होतं. ती बघायला आली.

"वहिनी, हे सुखात असलं की जागचं हलत नाही. उजेड कमी पडला की चालायला लागतं, मिळाला की थांबतं. दिवा बदललास का तू?"

"हातसुद्धा लावला नाही."

"मग दुसरीकडून उजेड येत असणार. उजवीकडे काय आहे?"

उजवीकडे नवऱ्याची खोली होती, तो गेल्यापासून कुलूपबंद. नणंद टाकीशी वाकली. प्रवाळाच्या फांद्या वरच्या दिव्याकडे वळलेल्या नव्हत्या. सगळ्या त्या दाराकडे कलल्या होत्या.

"आत्ता ओढलं तर बूड फाटेल त्याचं. उद्या सामान घेऊन येते," म्हणत तिने काढता पाय घेतला.

उद्यापर्यंत प्रवाळ राहणार नव्हतं. संध्याकाळी फुलाची बोटं त्याला टेकायचीच बाकी होती. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग येत होता. गेलेल्या माणसाने हे काय चालवलंय? तिने पडदे ओढले, टाकीचा दिवा मालवला आणि कुलूप काढलं.

खोलीत मिट्ट काळोख. पलंगही दिसेना. स्वतःच्या वेडेपणाला हसत ती माघारी वळली आणि जागीच खिळली.

टाकीवर तिची सावली पडली होती. सावलीच्या कडेने पाणी लख्ख उजळलं होतं, आणि सावलीत सापडलेलं प्रवाळ मिटत चाललं होतं.

"अहो," मागे न बघता ती म्हणाली, "मी आड येतेय का?"

ती दारातून बाजूला झाली. काळोख्या खोलीतून येणारा उजेड सगळ्या टाकीवर पसरला. फूल होतं तिथेच थांबलं.

दार तिने पुन्हा लावलं नाही.