तिसरा वर्ग

श्रीकृष्णदादाने ती गाडी भंगाराच्या भावात आणली, तेव्हा तिच्या आसनाखाली चिमणीचं घरटं होतं. छावणीतला कुणी इंग्रज मेजर सत्तेचाळीस साली मायदेशी जाताना ती सदर बाजारातल्या एका दुकानदाराच्या गोठ्यात सोडून गेला होता. दोनच माणसं मावतील एवढी, वर छप्पर नाही, हिरवा रंग पोपडे धरलेला. आई म्हणाली, "अरे, घरात माणसं चार आणि गाडी दोघांची?"

"मग दोन खेपा करू," दादा म्हणाला.

दादा झाशीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता आणि वडील, नाना, मालगाडीवर गार्ड. तीन वर्षं दादा कामावरून आला की गाडीखाली शिरायचा. बाहेर दिसायचे ते फक्त पाय. बकुळ चहाचा पेला त्या पायांशी ठेवायची आणि अंगठ्याला चिमटा काढून पळायची. ती त्याची धाकटी बहीण, सतरा वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली. गाडी चालू झाली तेव्हा दुसऱ्या आसनाचा मान तिला मिळाला. रविवारी सकाळी दादा बरुआसागरच्या रस्त्यावर गाडी सोडायचा आणि बकुळ नानांचं गार्डाचं घड्याळ मुठीत धरून दोन मैलांच्या दगडांमधले सेकंद मोजायची. मग तळ्याकाठी पेरू खायचे आणि केसांत धूळ घेऊन घरी यायचं. पुढे आयुष्यात तिला बरंच काही मिळालं, पण त्या रविवारांसारखं काही मिळालं नाही.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात छावणीतल्या रस्त्यांवर हौशी चालकांची शर्यत ठरली. तीन वर्ग होते. पहिला मोठ्या इंजिनांचा, त्यात गाडीत हवे ते फेरफार चालत. दुसरा मधला. तिसरा लहान इंजिनांचा, पण गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच हवी. प्रत्येक वर्गातल्या पहिल्याला क्लब स्वखर्चाने कलकत्त्याच्या शर्यतीला नेणार होता. शर्यत भरवणारे कॅप्टनसाहेब दादाला म्हणाले होते, "जीत के आओ, वहाँ मोटर का काम भी दिला देंगे." कारखान्याच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, यातून सुटायची दादाला तेवढी एकच वाट दिसत होती.

पण वर्ग कोणता? दादाने इंजिनाला स्वतः खटपट करून दुसरं कार्बोरेटर बसवलं होतं. त्याने गाडी पळायची झकास, पण ते ठेवलं तर तिसऱ्या वर्गात घेत नसत. आठ दिवस तो जेवताना, हात धुताना तेच बोलत होता.

"बकुळे, दुसऱ्यात जाऊ?"

"जा की."

"तिथे ग्वाल्हेरच्या गाड्या येणार. जोड बघून कुस्ती धरावी. तिसऱ्यात माझ्यापुढे कोण आहे? एक दातांचा डॉक्टर आणि दोन ठेकेदार."

शेवटी त्याने ते कार्बोरेटर काढलं आणि नानांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

त्याच आठवड्यात रेल्वे कॉलनीत कुसुमावतीबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. यजमान बडे अधिकारी, घराला रेल्वेचा पहिल्या वर्गाचा पास. तिळगूळ देता देता त्यांनी आईला विचारलं, "तुमचा श्रीकृष्ण शर्यतीत उतरतोय म्हणे? कोणत्या वर्गात?"

"तिसऱ्या," आई म्हणाली.

"अगंबाई! पासही तिसऱ्याचा आणि शर्यतही तिसऱ्याचीच!"

सगळ्या बायका हसल्या. आईसुद्धा हसली. आईबरोबर आलेल्या बकुळने हातातला तिळगूळ तसाच रुमालात बांधला. लाकडी बाकावर, ट्रंकेवर, संडासाच्या दाराशी बसून केलेले सगळे प्रवास तिला आठवले.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायचा होता. बकुळचं इंग्रजी अक्षर सुरेख, म्हणून दादाने कोऱ्या अर्जावर सही करून तो तिच्यापुढे ठेवला. स्वतः बूट चढवत, दारातून सांगत होता. नाव, पत्ता, इंजिन.

"वर्ग?" तिने विचारलं.

"तिसरा," तो म्हणाला. आणि लागलीच कारखान्याचा भोंगा झाला. दादा सायकलवर टांग टाकून गेला.

बकुळने थोडा वेळ टाक तसाच धरला. मग रकान्यात पहिला वर्ग लिहिला. तिला वाटलं, दादा भिडस्त आहे, स्वतःसाठी वरचं कधी मागत नाही. त्याच्या तोंडून निघालं नाही, ते आपण लिहू. वर्ग म्हणजे वर्ग. वरचा तो वरचा. शाई वाळल्यावर ती स्वतः सदर बाजारात जाऊन अर्ज देऊन आली आणि येताना कुसुमावतीबाईंच्या दारावरून मान ताठ करून चालली.

शर्यतीच्या सकाळी छापील यादी फळ्यावर लागली. कॅप्टनसाहेब दादाला म्हणाले, "भाई, ये क्या कर बैठे? अब नहीं बदल सकता, औरों को एतराज होगा. चाहो तो नाम वापस ले लो."

दादाने यादी वाचली. दोरीपलीकडे नवी साडी नेसून, घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"नहीं साहब, दौड़ूँगा."

मोठ्या गाड्या पहिल्याच वळणाला त्याला मागे टाकून गेल्या. तेव्हा कुठे बकुळला कळलं की इथे पहिला वर्ग म्हणजे मऊ गाद्या नव्हेत. दादाने गाडी जिवापाड ताणली. बकुळच्या घड्याळात पहिला फेरा तीन मिनिटं चाळीस सेकंदांत आला. तिसऱ्या फेऱ्यात काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, रस्त्यावर तेल सांडलं आणि गाडी चर्चच्या भिंतीशी उभी राहिली. चार शिपायांनी ती ढकलत आणली.

मग तिसरा वर्ग धावला. डॉक्टर जिंकला. त्याचा सर्वांत चांगला फेरा तीन मिनिटं बावन्न सेकंदांचा होता. बकुळने हे दोन्ही आकडे कुणालाच सांगितले नाहीत.

इंजिनाचे तुकडे पुन्हा जुळण्यासारखे नव्हते. गाडी जशी भंगारातून आली तशी भंगारात गेली. दादा तिला एका शब्दाने बोलला नाही. भोंग्यावर जात राहिला. चौऱ्याहत्तर साली रेल्वेने तिसरा वर्गच काढून टाकला, तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवत तो म्हणाला, "चला, संपला एकदाचा." तोवर नवरा वारल्यामुळे माहेरी परतलेली बकुळ उठून स्वयंपाकघरात गेली.

पंच्याऐंशी साली, बढती मिळून कारखान्यात चार्जमन झाल्यावर, त्याला पहिल्या वर्गाचा पास मिळू लागला. नाशिकला लग्न होतं. पासाचा अर्ज बकुळनेच भरला. दुपारी बीना मागे पडलं, उषावहिनी वरच्या बाकावर झोपल्या, आणि दादा चहाचा कुल्हड हातात फिरवत म्हणाला, "या खेपेला वर्ग बरोबर भरलास हो."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तो विषय काढला.

"दादा, मी…"

"नको. तुझा दोष नव्हता. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली गं माझी. मनात यायचं, हिने मुद्दाम तर लिहिलं नसेल? मग एकदा कामावर निघताना आठवलं. मी तिसरा म्हणालो आणि नेमका भोंगा झाला. तुला ऐकूच आलं नसणार. सख्ख्या बहिणीबद्दल असं मनात आणलं, याची लाज वाटली मला. तेव्हापासून मन साफ आहे." तो हसला. दात पडले होते, तरी हसू जुनंच होतं. "भोंगाच झाला ना तेव्हा?"

शब्द आधी आला होता. भोंगा मागून. तिला दोन्ही अजून ऐकू येत होते.

"हो दादा," ती म्हणाली. "फार मोठा झाला."

दादाने समाधानाने मान हलवली आणि सरकून तिला जागा केली. "ये, खिडकीशी बस. पहिल्या वर्गातून कसं दिसतं, बघ तरी."

ती बसली. खिडकीबाहेर रानं पळत होती म्हणे. तिला काही दिसलं नाही.